मुठीचा तांदूळ

मुठीचा तांदूळ कधी एकसारखा शिजत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या महिला मंडळाचं मुठीचं पोतं कितीतरी वर्षं माझ्याच घरात, माझ्या शिलाई मशीनच्या बाजूला पडून असायचं, आणि त्या तांदळाच्या सगळ्या खोडी मला पाठ आहेत.

ज्यांना मूठ म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ब्रह्मपुरीत आमचं चर्च आहे, लहानसं, कौलारू. त्याला आम्ही कुणी चर्च म्हणत नाही. मंडळी म्हणतो. इमारत तीही मंडळी आणि आत बसणारी माणसं तीही मंडळी. या मंडळीतली प्रत्येक बाई दोन्ही वेळचा भात टाकताना, तांदूळ धुवायच्या आधी, त्यातली एक मूठ काढून वेगळ्या डब्यात टाकते. टाकताना मंडळीत जो कुणी आजारी असेल त्याचं नाव घेते. एवढीच प्रार्थना. गुडघे टेकायचे नाहीत, डोळे मिटायचे नाहीत. चुलीपुढे डोळे मिटले तर दूध उतू जायचं. रविवारी सगळ्यांचे डबे एका पोत्यात रिकामे होतात आणि ते पोतं आजाऱ्याच्या घरी जातं.

आता गंमत अशी की आमचा मुलूख धानाचा, आणि इथे प्रत्येक घराचा तांदूळ वेगळा. कुणाकडे शेतातला जुना बारीक, कुणाकडे यंदाचा नवा, कुणाकडे जाडा, कुणाकडे रेशनचा. ते सगळे एका पोत्यात गेले की पातेल्यात भांडण सुरू. नवा तांदूळ विरघळून लगदा होतो, तरी जुना आपला ताठ तो ताठच. प्रार्थनेत आम्ही रोज भाकर मागतो, पण ती म्हणायची गोष्ट झाली. आमचं पोट भाताचं आहे, आणि भाताच्या बाबतीत इथली माणसं फार नखरेल. दाणा मोकळा नसेल तर बाईची अक्कल काढतात. त्यामुळे मुठीचा तांदूळ वाटायला मी पुढे असले तरी तो खायची वेळ आपल्यावर येऊ नये असंच मला वाटायचं.

मुठीचा नियम एकच होता आणि तो मी डोळ्यांत तेल घालून पाळून घ्यायचे. मूठ ही घरात त्या वेळी शिजणाऱ्या तांदळातलीच पाहिजे. घरी चांगला आणि डब्यात कण्या, हे चालायचं नाही. घरी जाडा आणि मंडळीत मोठेपणा मिरवायला सुवासिक, हेही चालायचं नाही. जे तुमच्या ताटात तेच आजाऱ्याच्या ताटात. एकदा एका बाईनं पाहुण्यांसाठी आणलेला वासाचा तांदूळ डब्यात टाकला आणि घरी मात्र रोजचाच शिजवला. मी चार बायकांसमोर तिचा डबा परत केला. तेव्हापासून ती मला ‘कायदेबाई’ म्हणते, अगदी प्रेमानं, पण म्हणतेच.

मग वेळ आमच्यावर आली.

आमचे मिस्टर बस चालवायचे. नागभीड, गडचिरोली, आरमोरी, सगळे रस्ते त्यांना तोंडपाठ. दिवसभर गाडी आणि रविवारी मंडळीत ढोलकी. त्यांचा आवाज काही फार गोड नव्हता, पण मोठा होता, आणि गाणं उचलायचं तर तेच उचलायचे. बाकीचे मागून यायचे. खर्र्याविषयी, म्हणजे आमच्याकडच्या त्या घोटलेल्या सुपारी-तंबाखूविषयी, मी इथे काही लिहीत नाही. लग्नापासून बोलत आले, तेवढं पुरे झालं. जिभेच्या कडेला एक फोड आला आणि तो बरा होईना. नागपूरला नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि त्यांनी रोगाचं नाव सांगायच्या आधीच मला ते कळलं.

जिभेचा एक भाग काढला. त्यानंतर शेक. किरणांच्या उपचाराला आमच्याकडे शेक म्हणतात. ऐकून वाटतं, विटेचा तुकडा गरम करून फडक्यात गुंडाळला असेल. तसं काही नसतं. गळ्याची कातडी बाहेरून काळी पडली आणि तोंड आतून सोलून निघालं. नाकातून पोटात नळी घातली, आणि दूध, डाळीचं पाणी, औषध, सगळं त्या नळीनं.

त्या काळात मंडळीनं काय केलं ते सगळं सांगायला बसले तर माझी मशीन गंजून जाईल. पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या पास्टरांच्या, ओळखीच्या एका कुटुंबानं नागपुरात आम्हाला त्यांची पुढची खोली दिली आणि स्वतः मागच्या खोलीत दाटीवाटीनं राहिले. रक्त लागलं तेव्हा मंडळीतले पुरुष पहाटेच्या गाडीनं आले, रक्त देऊन संध्याकाळी परत गेले, आणि दुसऱ्या दिवशी कामावर. माझ्या कोंबड्यांना दाणे कोण घालत होतं ते मला आजही नीट माहीत नाही. मी कृतज्ञ होते, पण खरं सांगायचं तर अवघडलेली होते. देणाऱ्याचा हात वर असतो, आणि मला माझा हात वरच बरा वाटायचा.

घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. ते म्हणाले, “नळीनं पोट भरेल. पण गिळायची सवय मोडू देऊ नका. रोज थोडं थोडं तोंडानं द्या. दुखलं तरी द्या. गिळलं नाही तर घसा आवळत जाईल आणि मग ही नळी कायमची.”

कायमची हा शब्द मी बसमध्ये ब्रह्मपुरीपर्यंत मांडीवर घेऊन आले.

नाताळाच्या सुमाराला आम्ही घरी आलो. पहिल्याच रविवारी मुठीचं पोतं दारात. आजपर्यंत जे पोतं माझ्या घरातून बाहेर जायचं ते आत आलं. बायका उंबऱ्याशी उभ्या राहिल्या, पोतं कुठे ठेवायचं म्हणून एकमेकींकडे बघत. मीच म्हटलं, “ठेवा तिथी मशीनजवळ. त्याले जागा माहीत हाये.” तेव्हा कुठे सगळ्या हसल्या.

मिस्टर खाटेवर बसून बघत होते. त्यांचं बोलणं तेव्हा जड होतं, अर्धे शब्द ओठांतच राहायचे, पण मला कळायचं. म्हणाले, “मले मुठीची पेज दे.”

मी म्हटलं, “अहो, घरात आपला चांगला तांदूळ आहे. त्याची देते, मऊ.”

“नाई. मुठीचीच. त्यात माहं नाव टाकलं हाये.”

किती घरांत, किती चुलींपुढे, किती बायकांनी त्यांचं नाव घेऊन ती मूठ टाकली होती. त्यांना तेच पहिलं गिळायचं होतं. मला ते मनापासून पटलं. मी चूल पेटवली, पाणी भरपूर घातलं आणि ढवळत बसले. पेज दुधासारखी दिसायला लागली तेव्हा वाटीत काढली, फुंकून फुंकून निववली आणि चमचा त्यांच्या तोंडाला लावला.

पहिला चमचा आत गेला. दुसरा गेला. तिसऱ्यात एक दाणा होता. कुण्या घरचा जुना, ताठ दाणा, इतका वेळ उकळूनही न शिजलेला. तो घशात अडकला.

त्यांचा चेहरा निळा पडला. श्वास ना आत ना बाहेर. मी किंचाळले आणि भिंतीपलीकडून शेजारच्या बाई धावत आल्या. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांचं घर बौद्ध, आमचं ख्रिस्ती, आणि मधे भिंत एकच, इतकी पातळ की सकाळी त्यांची वंदना आणि आमची प्रार्थना एकमेकींत मिसळते. त्यांनी मिस्टरांना पुढे वाकवलं आणि पाठीत दणादण थापा मारल्या. खोकला फुटला. दाणा जमिनीवर पडला. अख्खा, पांढरा. एवढासा.

त्या दिवसापासून मिस्टरांनी तोंड मिटलं.

मी काय काय केलं नाही! घरचा तांदूळ शिजवून मिक्सरमधून काढला, फडक्यातून गाळला. डाळीचं पाणी, ताक, उसाचा रस. चमचा पुढे गेला की मान भिंतीकडे. मी रागावले, विनवलं, पुन्हा रागावले. शेवटी एका दुपारी ते म्हणाले, “देव नाई म्हणून राह्यला, तुले समजत काऊन नाई? साऱ्याइनं नाव घेऊन टाकला, तोच दाणा घशात बसला.”

हे ऐकलं आणि मी वाटी खाली ठेवली. दुखण्याला औषध असतं. घाबरण्याला धीर देता येतो. पण जो माणूस आयुष्यभर विश्वासानं गाणं उचलत आला, त्याला जर वाटलं की वरूनच नकार आला आहे, तर त्याच्यापुढे माझा चमचा काय करणार? पाळकसाहेब आले, त्यांनी मोठी प्रार्थना केली. मिस्टरांनी खालच्या आवाजात आमेन म्हटलं. मी लगेच वाटी पुढे केली. मान भिंतीकडे. पाळकसाहेब भले गृहस्थ, प्रवचनात कधी अडत नाहीत, पण त्या दिवशी टोपी हातात फिरवत नुसते बसून राहिले.

मी देवाशी भांडले. भांडायला शब्द लागतात आणि ते माझ्याकडे पुष्कळ आहेत. “तुला दुसरा दाणा मिळाला नाही?” असं मी त्याला भांडी घासताना विचारलं. पुन्हा नागपूरला जायचा दिवस जवळ येत होता आणि मिस्टर स्वतःची थुंकीसुद्धा गिळेनात, फडक्यात टिपत बसायचे. घसा आवळत चालला असणार, हे मला दिसत होतं.

दाण्याची गोष्ट मंडळीत पसरलीच होती. बायका रविवारी पोतं आणायच्या, उंबऱ्यात ठेवायच्या आणि बसा म्हटलं तरी बसायच्या नाहीत. कामं आहेत म्हणायच्या. मला वाटलं, कंटाळली मंडळी. किती दिवस कुणाचं करणार? चूक त्यांची नाही. मी ती पोती उघडून पाहिलीसुद्धा नाहीत. तो तांदूळ डोळ्यांपुढे नको वाटायचा. एकावर एक रचून मशीनखाली ढकलून दिली.

इकडे घरात लोकांचे डबे साठले होते. कुणी भाजी पाठवलेली, कुणी माझ्यासाठी मासळीचं कालवण. भांडं रिकामं परत करू नये म्हणून प्रत्येकात अंगणातल्या गोडनिंबाच्या, म्हणजे कढीपत्त्याच्या, दोन काड्या टाकल्या आणि एका दुपारी शेजारच्या बाईंना मिस्टरांपाशी बसवून मी डबे पोचवायला निघाले.

पहिलं घर मंडळीच्या मागच्या गल्लीतलं. लेकरं जेवायला बसलेली. ताटात भाताचा गोळा. वाढणीच्या चमच्याला चिकटलेला, तसाच ताटात आपटलेला. धाकटी पोरगी तोंड वाकडं करून म्हणत होती, “आई, आज बी गिच्चा भात? कवापर्यंत खायचा?” आईनं तिला डोळ्यांनीच दाबलं. मी मनात म्हटलं, हिचं आज पाणी जास्त झालं असेल. डबा ठेवला आणि पुढे निघाले.

दुसरं घर मला ‘कायदेबाई’ म्हणणाऱ्या बाईचं. ही म्हणजे भाताची राणी. हिच्या हातचा भात ताटात पडला की दाणा दाण्याला शिवत नाही. लग्नाकार्यात भात हिनंच टाकायचा असा गावाचा रिवाज. मी आत गेले तेव्हा ती पातेल्यावर घाईघाईनं झाकण ठेवत होती. पण माझी नजर पोचली होती. आत पांढरा लगदा.

“तुया हातचा भात अन् असा?” मी थट्टेनं म्हटलं. “काय, नवरा सोडून गेला का?”

ती हसली नाही. पदरानं हात पुसत म्हणाली, “कायदेबाई, तुयाच कायद्यानं शिजून राह्यला.”

“म्हणजे?”

“मोठ्या आईले विचार. मले सांगू नको म्हटलं हाये.”

मोठी आई म्हणजे आमच्या मंडळीतली सर्वांत म्हातारी बाई. तिचे लेक गावाबाहेर धान पिकवतात. मी उरलेले डबे तिथेच ठेवले आणि सरळ तिच्या घराकडे चालायला लागले. ओसरीत मोठी आई पाय पसरून बसली होती, आणि तिच्यामागे कोपऱ्यात ताडपत्रीवर तांदळाचा ढीग. जाडा, बारीक, पिवळट, पांढरा, सगळा एकात एक. असा ढीग मी ओळखते. पण हा मुठीचा नव्हता. मुठीमुठीनं एवढा जमत नाही.

“हे काय हाये, मोठी आई?”

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लपवण्यात अर्थ नाही हे तिला कळलं. म्हणाली, “तुया घरच्याच्या घशात दाणा बसला तवा साऱ्या बाया माह्याकडं रडत आल्या. जिची तिची म्हणे, माह्याच घरचा असन तो दाणा. कोणाचा हाये ते कसं समजन? सारा तांदूळ अलग अलग. मंग म्या म्हटलं, आपण सारे एकच तांदूळ खाऊ. आमच्या एका बांधीतला यंदाचा नवा काढला. घराघरानं आपला तांदूळ इथी आणून टाकला अन् हा नेला. आता जिच्या तिच्या चुलीवर हाच हाये. मंग मुठीत बी हाच.”

बांधी म्हणजे धानाचा एक बांध घातलेला तुकडा. एका तुकड्यातला तांदूळ, सगळ्या घरांत. दोन्ही वेळा.

आणि मग, माझा स्वभाव, मी चिडले. “अवो पण मिक्सर हाये ना माह्या घरी! बारीक करता येते, गाळता येते. एवढ्यासाठी साऱ्या गावानं गिच्चा भात काऊन खायचा? मले सांगतलं असतं तं...”

“तुले सांगतलं असतं तं तू कायदा काढला असता,” मोठी आई म्हणाली. “अन् मिक्सरनं बारीक होते, बाई. एक नाई होत.”

ती पुढे म्हणाली, “त्याले वाटून राह्यलं का देव नाई म्हणते. देव काय म्हणते ते मले म्हातारीले काय मालूम? पण आमी तं नाई म्हटलं नाई ना. तेवढं तरी त्याले समजलं पाह्यजे.”

मी तिथेच ओसरीवर बसले. माझ्या डोळ्यांपुढून मंडळीतलं एकेक घर जाऊ लागलं. डेपोतल्या कंडक्टरचा डबा. शिक्षकाच्या घरचे पाहुणे, ज्यांच्यापुढे तसा भात वाढताना त्याच्या बायकोला मेल्याहून मेल्यासारखं झालं असेल. ती तोंड वाकडं करणारी पोरगी. भाताची राणी, जिनं स्वतःच्या हातानं स्वतःचा नावलौकिक पातेल्यात बुडवला आणि वर झाकण ठेवलं. माझ्या नियमाला त्यांनी बगल दिली नव्हती. आजाऱ्यासाठी वेगळा तांदूळ आणून टाकणं किती सोपं होतं! पण नियम होता की जे तुमच्या ताटात तेच त्याच्या ताटात. म्हणून त्यांनी त्याच्या ताटातलं आधी आपल्या ताटात घेतलं. मी इतकी वर्षं तो नियम लोकांना शिकवला होता आणि तो एवढा मोठा आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मला भीती वाटली. देवळात, डोंगरापुढे, पुरापुढे माणसाला वाटते तसली भीती, ज्यात पळून जावंसं वाटत नाही. मी रडले, आणि मोठी आई माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणत राहिली, “उगी, उगी. भातच खाल्ला ना, काही जहर नाई खाल्लं.”

घरी येऊन मी आधी मशीनखालची पोती ओढली. वरच्यात हात घातला. ओंजळ काढून उजेडात धरली. सगळे दाणे एका मापाचे. एकाच आईची लेकरं.

मिस्टरांपाशी बसून मी सगळं सांगितलं. एरवी मी सांगायला लागले की ते मधेच डोळे मिटतात. तेव्हा मिटले नाहीत. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, “सारे?”

“सारे.”

“पोट्टे बी?”

“पोट्टे बी. रडून राह्यले, पण खाऊन राह्यले.”

त्यांच्या छातीतून एक आवाज आला. मी घाबरले, पुन्हा काही अडकलं की काय. पण ते हसत होते. हसता हसता डोळे भरून आले, आणि नळीवरून पाणी ओघळायला लागलं. मग त्यांनी चुलीकडे बोट केलं. “टाक.”

मी तांदूळ धुतला. तेवढ्यात शेजारच्या बाई उठून आपल्या घरी गेल्या आणि एक लहान डबा घेऊन आल्या. त्यांनी तो उघडून माझ्यापुढे धरला. तोच तांदूळ.

“तुम्हीसुद्धा?” मी विचारलं.

“मी तुमच्या मंडळीतली नाई, पण भात तं माह्या बी घरी शिजते,” त्या म्हणाल्या. “भिंत पातळ हाये, बाई. साऱ्या बाया इथूनच बोलत गेल्या. मूठ टाकताना नाव यायचंच घेतलं, कोणापाशी मागतलं ते मात्र विचारू नका.” त्यांनी डबा माझ्या पातेल्यात रिकामा केला.

पेज रटरटायला लागली. नवा तांदूळ, तो काय दम धरतो! दाणे फुगले, फुटले, आणि बघता बघता नाहीसे झाले. सवयीनं माझा हात मिक्सरकडे गेला. मी तो मागे घेतला. पळीनं तळापासून ढवळून पाहिलं, वाटीत घेऊन तिरपं करून पाहिलं, दोन बोटांत चोळून पाहिलं. एकही दाणा उभा नव्हता. किती घरांच्या मुठी होत्या त्यात, आणि आता एकीची दुसरीपासून वेगळी करता आली नसती.

चमचा तोंडात गेला. त्यांनी ओठ मिटले. ती पेज त्यांनी किती तरी वेळ तोंडातच धरून ठेवली. कपाळावर घाम आला. शेजारच्या बाईंनी त्यांच्या पाठीशी हात तयार ठेवला होता. मी फक्त गळ्याकडे बघत होते, त्या काळ्या पडलेल्या, सोललेल्या गळ्याकडे. कंठाची घाटी वर चढली. थांबली. मग ती खाली आली.

त्यांनी तोंड उघडून दाखवलं, लेकरू औषध प्यायल्यावर दाखवतं तसं. रिकामं होतं.

मी आयुष्यात पुष्कळ उपासना ऐकल्या, मोठमोठे प्रचारक पाहिले. आजारी माणसं उठून चालल्याच्या साक्षी ऐकल्या, आणि खरं सांगते, काही ऐकताना जांभया दिल्या. पण एक माणूस एक घोट गिळतो, यापेक्षा मोठं काही मी पाहिलेलं नाही. दुखत होतं त्यांना, डोळ्यांतून दिसत होतं. तरी त्यांनी पुन्हा आ केला.

नंतरचं सगळं हळूहळू झालं. रोज वाटीभर, मग दोन वाट्या. नागपूरच्या डॉक्टरांनी घसा पाहिला आणि मान डोलावली. ईस्टरच्या, म्हणजे पुनरुत्थानाच्या सणाआधी नळी निघाली. सणाच्या रविवारी मिस्टर मंडळीत आले, ढोलकीजवळ बसले, पण वाजवायच्या आधी उठून उभे राहिले. आवाज फाटका, शब्द जड. म्हणाले, “आता पुरे झालं. लेकरायले मोकळा भात द्या.” सगळी मंडळी हसली, आणि हसता हसता कितीतरी बायकांचे पदर डोळ्यांना गेले. भाताची राणी सर्वांत मोठ्यानं रडली. तिला बहुतेक माणूस उठल्याचा आणि भात सुटल्याचा, दोन्हींचा आनंद झाला असावा.

दुसऱ्या दिवसापासून घरोघरी आपापला तांदूळ शिजायला लागला. मूठ पुन्हा जशी होती तशी, भांडकुदळ. मिस्टरांना मात्र मी पुष्कळ दिवस मऊच घालत होते. ताटात भात मागायला लागले तेव्हाही नवाच तांदूळ, शिजवून शिजवून. एक दिवस मोठ्या आईच्या लेकानं एक पोतं आणून टाकलं. तिच्या ओसरीतल्या त्या अदलाबदलीच्या ढिगातलं. “आईनं सांगतलं, हा आता तुमच्याकडंच राहू द्या,” म्हणाला.

मिस्टर म्हणाले, “आज याचा भात कर.”

“अहो, हा नाही एकसारखा शिजायचा.”

“मालूम हाये मले.”

मी केला. व्हायचं तेच झालं, निम्मा लगदा, निम्मा टणक. मी ताट वाढलं आणि पाण्याचा गडवा हाताशी घेऊन समोर बसले. ते सावकाश जेवत होते. मधेच थांबले. जबडा थांबला, डोळे स्थिर झाले, आणि माझा हात आपोआप त्यांच्या पाठीकडे गेला. त्यांनी हातानंच मला थांब म्हटलं. अर्ध्या जिभेनं तो दाणा एका बाजूला नेला, दाढेखाली घेतला आणि चावला. कट्‌कन आवाज आला, मला ऐकू आला. मग त्यांनी तो गिळला.

“जुना हाये,” ते म्हणाले. “चांगल्या घरचा.” आणि मग ताटाकडे बघत, “अवो, तू काऊन बसून राह्यली? तू बी घे ना. थंडा होऊन राह्यला.”

इतकी वर्षं मी तो तांदूळ वाटला होता. मी उठले, माझं ताट आणलं आणि त्यांच्या बाजूला बसून त्या भाताचा पहिला घास घेतला.